नेट-सेट मानसशास्त्र : संभाव्य प्रश्नसंच पाठ करू नका, असा वापरा

परीक्षेला महिना-दीड महिना राहिला की अभ्यासिकेत एकच चित्र दिसतं. कुणीतरी ‘मानसशास्त्राचे १००० संभाव्य प्रश्न’ झेरॉक्स करून आणलेले असतात. आधीच्या मालकाने बरोबर पर्यायाभोवती पेन्सिलीने गोल केलेले असतात आणि झेरॉक्समध्ये ते चांगले काळे होऊन उतरलेले असतात. प्रश्न वाचायचा, नजर गोलावर जाते, मान डोलवायची, पान उलटायचं. दिवसाला शंभर-दीडशे प्रश्न ‘होतात’. पेपर देऊन बाहेर आल्यावर मात्र तक्रार ठरलेली असते : “संचातलं काहीच आलं नाही.”

बहुतेक वेळा ते आलेलं असतं. फक्त त्या शब्दांत आणि त्या पर्यायांसह आलेलं नसतं. मानसशास्त्र शिकवताना आणि मुलांच्या उत्तरपत्रिका त्यांच्याच शेजारी बसून तपासताना मला ही एकच चूक सतत दिसते : संभाव्य प्रश्नाकडे उत्तर म्हणून पाहिलं जातं. खरं तर कुठलं प्रकरण उघडायचं, एवढंच तो प्रश्न सांगत असतो.

पुढची पद्धत यूजीसी-नेट आणि महाराष्ट्राची सेट या सहायक प्राध्यापकपदाच्या दोन पात्रता परीक्षांच्या मानसशास्त्र पेपर दोनसाठी आहे. १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेकांचं नुकसान क्रम चुकल्यामुळे होतं.

## टप्पा १ : संच हातात घेण्याआधीची तयारी

चार गोष्टी टेबलावर हव्यात.

पहिली, अभ्यासक्रमाची छापील प्रत. मोबाईलमधली नको, कारण तिच्यावर खुणा करायच्या आहेत. पेपर दोनचे दहा घटक आहेत : मानसशास्त्राचा उदय, संशोधन पद्धती व संख्याशास्त्र, मानसशास्त्रीय चाचण्या, वर्तनाचा जैविक पाया, अवधान-संवेदन-अध्ययन-स्मरण, विचार-बुद्धिमत्ता-सर्जनशीलता, व्यक्तिमत्त्व-प्रेरणा-भावना-ताण, सामाजिक मानसशास्त्र, मानवी विकास व उपचार, आणि नवी क्षेत्रं.

दुसरी, मागचे किमान पाच-सहा पेपर, अंतिम उत्तरतालिकेसह. नेटचे ती परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या आणि सेटचे पुणे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात. विकत घेण्याची गरज नाही.

तिसरी, एक मोठा कागद. त्यावर दहा आडव्या ओळी आखा, एकेका घटकाची एक. उभे रकाने पाच : सरळ प्रश्न, जोड्या लावा, विधान-कारण, कालक्रम, उतारा किंवा आकडेमोड. मागच्या पेपरांतला प्रत्येक प्रश्न वाचून योग्य चौकोनात एक काडी मारा. प्रश्न सोडवू नका, फक्त मोजा. दोन संध्याकाळी जातात, पण हा कागद तुमच्या हातातल्या कुठल्याही ‘संभाव्य’ यादीपेक्षा विश्वासाचा ठरतो.

चौथी गोष्ट बरेच जण विसरतात आणि मराठी माध्यमातून बी.ए., एम.ए. केलेल्यांना ती फार महागात पडते : शब्दांचा तक्ता. नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. हिंदी म्हणजे जवळपास मराठीच, असं धरून चालू नका. आपण ‘प्रबलन’ म्हणतो, हिंदीत ते ‘पुनर्बलन’. आपलं ‘अभिसंधान’ तिकडे ‘अनुबंधन’ होतं, आपली ‘सप्रमाणता’ तिकडे ‘वैधता’ आणि आपलं ‘प्रमाण विचलन’ तिकडे ‘मानक विचलन’. एवढ्यावर निभावतंही. खरी फसवणूक ‘संवेदन’ या शब्दात आहे. मराठी पुस्तकांत वेदन म्हणजे सेन्सेशन आणि संवेदन म्हणजे पर्सेप्शन. हिंदी पुस्तकांत संवेदना म्हणजे सेन्सेशन आणि पर्सेप्शनला प्रत्यक्षण म्हणतात. ओळखीचा शब्द दिसला म्हणून घाईने खूण केली की चुकीच्या संकल्पनेवर बोट पडतं. तीन रकान्यांचा तक्ता करा : मराठी, हिंदी, आणि देवनागरीत इंग्रजी उच्चार. हिंदी आणि इंग्रजी मजकुरात फरक वाटला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात, म्हणून तिसरा रकाना गाळू नका.

सावधान : काड्यांचा कागद झाला की ‘हा विषय गेल्या दोन पेपरांत आला नाही, म्हणजे यंदा नक्की येणार’ असा मोह होतो. हा जुगाऱ्याचा तर्कदोष आहे आणि तो सहाव्या घटकाच्या अभ्यासातच येतो. कागदावरून घटकांचं वजन आणि प्रश्नांची घडण कळते. पुढचा प्रश्न कोणता, हे त्यावरून कळत नाही.

तपासणी : दहाही घटक एकदा तरी मूळ पाठ्यपुस्तकातून वाचून झालेत का? ज्या घटकापुढे ‘नाही’ आहे, त्या घटकाचे संभाव्य प्रश्न अजून उघडू नका. न वाचलेल्या प्रकरणावरचे प्रश्न सोडवले की डोक्यात सुटी नावं राहतात आणि त्यांना जोडणारं काहीच नसतं.

## टप्पा २ : संच चाळणीतून काढा

एकच संच घ्या, फार तर दोन. पाच संच गोळा करणाऱ्यांचा एकही पुरा होत नाही. शिवाय बरेच संच एकमेकांवरूनच उतरवलेले असतात, चुकांसकट.

संच जुना आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. पुढच्या खुणा शोधा.

- ‘पेपर तीन’चा उल्लेख आहे का? नेटमधला तिसरा पेपर जुलै २०१८ पासून बंद झाला.
- निदानाच्या प्रश्नांत ‘पाच अक्ष’ आहेत का? ती रचना डीएसएम-४ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेची. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये ती काढून टाकली आणि २०२२ मध्ये डीएसएम-५ ची मजकूर-सुधारित आवृत्तीही आली.
- मानसिक आरोग्याचा कायदा म्हणून १९८७ चाच दिलाय का? त्याच्या जागी २०१७ चा कायदा आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला.
- दिव्यांगत्वाचे ७ प्रकार दिलेत का? ते १९९५ च्या कायद्यातले. २०१६ च्या कायद्यात २१ आहेत.

अशा दोन खुणा सापडल्या तर तो संच शेवटच्या दोन घटकांसाठी निकामी समजा. अध्ययन, स्मरण, संख्याशास्त्र यांसाठी तो चालेल, कारण तिथला पाया बदललेला नाही.

मग उत्तरांची चाचणी. ज्यांची उत्तरं तुम्हाला स्वतःला पक्की माहीत आहेत असे वीस प्रश्न निवडा आणि संचाची उत्तरतालिका ताडून पाहा. दोन चुका निघाल्या की संच बाजूला ठेवा. वीसात दोन म्हणजे हजारात शंभरच्या आसपास चुका, आणि त्या तुम्ही मेहनतीने पाठ करणार.

काही प्रश्न मात्र संचाची चूक नसतानाही गोंधळ करतात. गिलफर्डच्या बुद्धिरचनेत घटक किती? एका संचात १२०, दुसऱ्यात १५०, तिसऱ्यात १८०. तिन्ही बरोबर आहेत, कारण त्याने रचना दोनदा वाढवली : आधी ५ क्रिया, ४ आशय आणि ६ फलितं, मग ५×५×६, शेवटी ६×५×६. आकडा पाठ केलेला विद्यार्थी इथे अडतो. गुणाकार समजलेला विद्यार्थी प्रश्नातला ‘मूळ’ किंवा ‘सुधारित’ हा शब्द शोधतो.

सावधान : ‘शंभर टक्के हेच येणार’ म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री टेलिग्रामवर पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. १८ जून २०२४ ला झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, हे सगळ्यांनी पाहिलंय. सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध २०२४ चा केंद्रीय कायदा आता लागू आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या रात्री आलेले दोनशे प्रश्न तुमची झोप आणि आधीची उजळणी दोन्ही खातात.

## टप्पा ३ : पर्याय झाकून सोडवा

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. प्रश्न दिसेल, चारही पर्याय झाकलेले राहतील असा ठेवा. झेरॉक्सवर गोल असतील तर ते आधी कुणाकडून तरी व्हाइटनरने पुसून घ्या. स्वतः पुसायला बसलात तर पुसताना उत्तरं वाचलीच जातात.

आता क्रम असा :

१. प्रश्न वाचा. पर्याय न पाहता उत्तर वहीत लिहा. निदान दोन शब्द तरी लिहा, मनातल्या मनात देऊ नका.

२. उत्तरासमोर खूण करा : ‘प’ म्हणजे पक्कं, ‘अ’ म्हणजे अर्धवट, ‘ठ’ म्हणजे ठोकताळा.

३. कागद सरकवा, पर्याय बघा, पर्याय निवडा. वहीतलं उत्तर पर्यायांत नसेल तर तसं लिहून ठेवा. हे प्रश्न पुढे सोन्यासारखे उपयोगी पडतात.

४. वीस प्रश्न झाल्याशिवाय उत्तरतालिका उघडू नका.

पर्याय झाकायचे कशासाठी? चार पर्यायांतून बरोबर नाव ओळखणं आणि कोऱ्या पानावर ते आठवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ओळखणं सोपं, म्हणून ते फसवं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. गोल केलेला संच वाचून रात्री जे समाधान मिळतं ते त्या पाच मिनिटांचं समाधान असतं. तुमची परीक्षा महिन्याने आहे.

तपासणी : वीस प्रश्न तपासल्यावर ‘प’ खूण असलेले किती चुकले, ते आधी मोजा. बरोबर किती आले, ते नंतर. पक्कं वाटून चुकलेलं उत्तर सर्वांत धोक्याचं, कारण परीक्षेत तुम्ही त्यावर दुसरी नजरही टाकणार नाही. ‘ठ’ असून बरोबर आलेलं उत्तर चुकलेल्यांत धरा. परीक्षेत गुण वजा होत नाहीत म्हणून तिथे ठोकताळा जरूर मारा, इथे मात्र त्याला माफी नाही.

## टप्पा ४ : एका प्रश्नाचे पाच प्रश्न करा

माझ्या मते सगळी तयारी या टप्प्यावर ठरते, आणि घाईत गाळला जातो तोही हाच. एक प्रश्न घेऊन पूर्ण करून दाखवते.

संचातला प्रश्न : ‘सर्वांत वेगवान आणि सलग प्रतिसाद कोणत्या प्रबलन वेळापत्रकात (म्हणजे वर्तनामागे बक्षीस केव्हा द्यायचं याच्या नियमात) मिळतो?’ पर्याय : स्थिर गुणोत्तर, चल गुणोत्तर, स्थिर कालांतर, चल कालांतर. उत्तर : चल गुणोत्तर. बहुतेकांचा अभ्यास इथे संपतो.

तुम्ही वहीचं एक पान घ्या.

पहिलं काम, चुकीच्या पर्यायांना न्याय द्या. चारही पर्यायांसमोर एकेक ओळ लिहा : प्रतिसाद कसा दिसतो आणि रोजच्या जगण्यातलं उदाहरण काय. स्थिर गुणोत्तर : ठरावीक नगांमागे मोबदला, बक्षीस मिळालं की थोडी विश्रांती. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते, ते हेच. चल गुणोत्तर : लॉटरी, किती तिकिटांनी लागेल ते ठाऊक नाही, म्हणून थांबणं नाही. स्थिर कालांतर : सुरुवातीला संथ, वेळ जवळ येईल तसा वेग वाढतो, आलेखात कमानी दिसतात. सत्र परीक्षेच्या तोंडावर ग्रंथालयात होणारी गर्दी आठवा. चल कालांतर : गळ टाकून बसलेला माणूस, किंवा मेसेज आला का म्हणून मधूनमधून फोन पाहणं. वेग मध्यम, पण एकसारखा.

उदाहरण स्वतःच्या गावातलं, घरातलं घ्या. पुस्तकातलं उदाहरण पेपरात बदलतं, संकल्पना बदलत नाही.

दुसरं काम, जोड्या करा. वरच्या चार ओळींतून दोन याद्या आपोआप तयार झाल्या : वेळापत्रक आणि आलेखाचा आकार, किंवा वेळापत्रक आणि उदाहरण. याद्या उलटसुलट लिहून दुसऱ्या दिवशी जुळवा.

तिसरं काम, विधान-कारण करा. उदाहरणार्थ,

विधान : सलग प्रबलनापेक्षा आंशिक प्रबलनाने शिकलेलं वर्तन बक्षीस थांबल्यावर जास्त काळ टिकतं.
कारण : आंशिक प्रबलनात वर्तन शिकायला जास्त वेळ लागतो.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण दुसरं पहिल्याचं स्पष्टीकरण आहे का? नाही. स्पष्टीकरण असं की बक्षीस अधूनमधूनच मिळायची सवय असल्याने ते कायमचं थांबलंय हे लवकर लक्षातच येत नाही. ‘दोन्ही बरोबर, पण कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण नाही’ या पर्यायावर मुलं हमखास गुण घालवतात. कारण वाचताना मध्ये ‘कारण की’ घालून वाक्य जोडून मोठ्याने वाचा. अर्थ लागला नाही तर संबंध नाही.

चौथं काम, कालक्रमात बसवा. या वेळापत्रकांवरचं फर्स्टर आणि स्किनर यांचं काम १९५७ चं. त्याच्या मागेपुढे काय आहे? पाव्हलॉव्हचं नोबेल १९०४ मध्ये, आणि तेही पचनक्रियेवरच्या कामासाठी, अभिसंधानासाठी नाही. वॉटसनचा वर्तनवादाचा लेख १९१३ चा. बांदुराचा बोबो बाहुलीचा प्रयोग १९६१ चा. चार नावांची एक रेघ झाली. साल लिहिताना ते प्रयोगाचं की प्रकाशनाचं, हेही लिहा. मिलग्रॅमचे आज्ञापालनाचे प्रयोग १९६१ मध्ये सुरू झाले, शोधलेख १९६३ मध्ये आला आणि पुस्तक १९७४ मध्ये. तीनही सालं संचांत सापडतात आणि मुलं एकमेकांशी भांडत बसतात.

पाचवं काम, प्रश्न उलटा करा. ‘पुढीलपैकी कोणतं चल गुणोत्तराचं उदाहरण नाही?’ नकारार्थी प्रश्न स्वतः लिहिला की पेपरातला ‘नाही’ डोळ्यांना लवकर दिसतो.

एका प्रश्नाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणून हजार प्रश्नांचा असा विस्तार करता येणार नाही, करूही नये. टप्पा ३ मध्ये ‘अ’ आणि ‘ठ’ खुणा असलेले आणि पक्के वाटून चुकलेले प्रश्न घ्या, दिवसाला पाच. चाळीस दिवसांत दोनशे संकल्पना होतात, आणि त्यांच्या भोवतीचे हजार प्रश्न तुम्ही स्वतः लिहिलेले असतात.

सावधान : मित्रांत वाटणी करून ‘तू घटक तीन विस्तार, मी घटक सात’ असं करू नका. विस्ताराचा फायदा करणाऱ्यालाच होतो. तयार पान वाचणाऱ्याच्या हाती पुन्हा एक संच येतो. एकमेकांना तोंडी विचारायचं असेल तर खुशाल विचारा.

## टप्पा ५ : आकडेमोडीचे प्रश्न वेगळे काढा

संख्याशास्त्र आणि चाचण्या या दोन घटकांत संभाव्य प्रश्न पाठ करणं पूर्ण वाया जातं. तिथे आकडे बदलून सोडवा.

संचात असेल : ‘प्रमाण विचलन १५, विश्वसनीयता ०.९१, तर मापनाची प्रमाण त्रुटी किती?’ १ मधून ०.९१ वजा केले, ०.०९. वर्गमूळ ०.३. गुणिले १५, उत्तर ४.५. आता विश्वसनीयता ०.८४ करा, उत्तर ६. मग ती १ करा, त्रुटी शून्य. शेवटी विश्वसनीयता ० करा, त्रुटी १५, म्हणजे प्रमाण विचलनाएवढीच. या दोन टोकांवरून सूत्राचा अर्थ कळतो. मग ‘विश्वसनीयता वाढली तर त्रुटीचं काय होतं’ असा शब्दांतला प्रश्नही सुटतो.

अर्धविच्छेद पद्धतीत, म्हणजे चाचणीचे दोन भाग करून ते ताडताना, अर्ध्या भागांचा सहसंबंध ०.६ असेल तर स्पीअरमन-ब्राउनच्या सूत्राने पूर्ण चाचणीची विश्वसनीयता १.२ भागिले १.६, म्हणजे ०.७५. उत्तर १ पेक्षा जास्त आलं तर भागाकार उलटा झालाय.

ॲनोव्हात (गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या चाचणीत) चार गट आणि एकूण ४० प्रयुक्त, म्हणजे प्रयोगात भाग घेणारे, असतील तर गटांमधली स्वातंत्र्य मात्रा ३, गटांतर्गत ३६. दोन्हींची बेरीज एकूण प्रयुक्तांपेक्षा एकने कमी, ३९ यायला हवी. ती नाही आली तर पुढे जाऊ नका.

कॅल्क्युलेटर न वापरता हाताने करा.

## टप्पा ६ : चूक-वही आणि उजळणीचं अंतर

चुकलेला प्रश्न जसाच्या तसा उतरवू नका, त्याने वही जाड होते आणि पुन्हा उघडली जात नाही. चार गोष्टी लिहा : संकल्पना, मी काय लिहिलं, बरोबर काय, आणि पाठ्यपुस्तकाचं नाव-आवृत्ती-पान क्रमांक. पान क्रमांक गाळू नका, त्याचं काम शेवटी आहे.

चुकीचा प्रकारही नोंदवा. ‘माहीतच नव्हतं’ असेल तर प्रकरण वाचायचं. ‘वाचायला चुकलो’ असेल तर ‘नाही’, ‘फक्त’, ‘मूळ’ अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय लावायची. ‘दोघांत गोंधळलो’ असेल तर त्या जोडीला समोरासमोर उभं करायचं. मला हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त दिसतो, आणि जोड्याही त्याच त्या असतात. नकारात्मक प्रबलन आणि शिक्षा : पहिल्याने वर्तन वाढतं, दुसऱ्याने कमी होतं. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची त्रुटी : खरी शून्य परिकल्पना नाकारली ती पहिली, खोटी स्वीकारली ती दुसरी. पूर्वलक्षी आणि पश्चलक्षी अवरोधाचं तर विचारूच नका, कुठला शब्द कुणाला वापरायचा यातच मुलं अडकतात. त्यासाठी नाव विसरा आणि विचारा, कोण कुणाच्या आड येतंय? नवा पिन टाकताना बोटं जुनाच दाबतात, तर जुनं नव्याच्या आड : प्रोॲक्टिव्ह. नवा पिन पक्का झाला आणि जुना आठवेना, तर नवं जुन्याच्या आड : रेट्रोॲक्टिव्ह.

उजळणी त्याच दिवशी रात्री नको. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी ‘बरोबर काय’ हा भाग झाकून. सलग दोनदा बरोबर आलेल्या नोंदीवर आडवी रेघ.

तपासणी : दर रविवारी टप्पा १ चा कागद काढा आणि चूक-वहीतल्या नोंदी कुठल्या घटकात साठल्यात ते बघा. त्याचबरोबर कुठल्या घटकात एकही नोंद नाही, हेही बघा. नोंद नाही याचा अर्थ घटक पक्का असा असतोच असं नाही, संचात त्यावर प्रश्नच नसतात. पहिल्या घटकात वुंट, फ्रॉइड, जेम्स यांच्या बरोबरीने जर्मन तत्त्वज्ञ डिल्थाय आहे. भगवद्‌गीता, बौद्ध विचार, सूफी परंपरा आणि पूर्णयोग आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक संचांत वुंटची १८७९ ची लाइपझिगची प्रयोगशाळा दहा वेळा येते आणि डिल्थाय एकदाही नाही. त्या रिकाम्या जागा अभ्यासक्रम समोर ठेवून स्वतः भरा.

## टप्पा ७ : शेवटचे पंधरा दिवस

आता सुटे प्रश्न बंद, पूर्ण पेपर सुरू. नेटला १५० प्रश्नांना ३ तास, सेटच्या पेपर दोनला १०० प्रश्नांना २ तास. दोन्हीकडे प्रश्नामागे ७२ सेकंद पडतात. सरळ प्रश्न तीस-चाळीस सेकंदांत संपवले तरच जोड्या आणि विधान-कारणाला दीड मिनिट मिळतं.

घड्याळ लावून, ज्या वेळी परीक्षा आहे त्याच वेळी, एक दिवसाआड पेपर. मधला दिवस तपासण्यासाठी. पाच पेपर देऊन न तपासण्यापेक्षा तीन देऊन तीनही तपासलेले बरे.

जोड्यांत सर्वांत खात्रीची एक जोडी पकडा आणि तिच्याशी न जुळणारे पर्याय खोडा. बऱ्याचदा दोन जोड्यांत उत्तर हाती येतं. उताऱ्यात आधी प्रश्न, मग उतारा. तिथे उत्तर उताऱ्यातून द्यायचं, आपल्याला जास्त माहिती असली तरी.

सावधान : शेवटच्या आठवड्यात नवा संच हातात घेऊ नका, मित्राने कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. नव्या संचातले चुकलेले वीस प्रश्न तुमच्या दोनशे पक्क्या संकल्पनांवरचा भरवसा उडवतात. वाचायचं ते स्वतःची चूक-वही, शब्दांचा तक्ता आणि कालक्रमाच्या रेघा.

## टप्पा ८ : पेपर झाल्यावर

त्याच संध्याकाळी आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढा आणि काड्यांच्या कागदावर घाला. पुन्हा बसावं लागलं तर तयारी इथून सुरू होते.

तात्पुरती उत्तरतालिका आली की हरकत घ्यायला मोजकेच दिवस असतात आणि नेटला प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरावं लागतं. ग्रुपवर सगळे म्हणतात म्हणून हरकत घेऊ नका. चूक-वही उघडा. संकल्पनेसमोर पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि पान क्रमांक असेल तर ते पान काढून शब्द न् शब्द वाचा. पान तुमच्या बाजूने बोलत असेल तर त्याचा स्वच्छ फोटो घ्या, पुस्तकाचं पहिलं पान सोबत घ्या, आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशीपर्यंत न थांबता हरकत नोंदवा.